पाणी मिठामागून जाते

तोर मिठात घालून वर चेपणीचा दगड ठेवला, की थोड्याच दिवसांत बरणीत पाणी सुटलेले दिसते. ते कोणी ओतलेले नसते. कैरीच्या पेशींतूनच बाहेर आलेले असते. मीठ जिकडे अधिक, तिकडे पाणी जाते. या क्रियेला परासरण म्हणतात. पावसाळ्यात जुलाबाने मलूल झालेल्या मुलाला आपण मीठ-साखरेचे पाणी पाजतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. त्यातील साखर मात्र केवळ चवीसाठी नसते.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचे पटल असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी असते. प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज पार होतात. पाणी मात्र या थरातून सावकाश झिरपते. म्हणून अनेक पेशींच्या पटलात पाण्यासाठी प्रथिनांचे स्वतंत्र मार्ग असतात. त्यांना ‘अ‍ॅक्वापोरिन’ म्हणतात. अशा एका मार्गातून सेकंदाला सुमारे ३ अब्ज रेणू एकामागून एक जाऊ शकतात. या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मार्ग असला तरी पाणी ओढून घेणारा पंप पेशीजवळ नाही. पेशी क्षार हलवते आणि पाणी त्यामागून जाते. सोडियमचे आयन व ग्लुकोज यांना स्निग्ध थर ओलांडता येत नाही. त्यांच्यासाठी लहान आतड्याच्या पेशींवर एक जोडदार असते. ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन यांना ते एकत्रच आत घेते. पेशीच्या दुसऱ्या बाजूचे पंप ऊर्जा खर्चून सोडियम रक्ताकडे ढकलत राहतात, म्हणून हे दार चालू राहते. या जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली.

तिचे मोल पटकीच्या साथीत कळले. पटकीचे विष आतड्याच्या पेशींना क्षार बाहेर टाकावयास लावते आणि पाणी त्यामागून वाहून जाते. अशा वेळी नुसते पाणी पाजून भागत नाही. मात्र मीठ-साखरेचे जोडदार शाबूत राहिलेले असते. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासितांत पटकी पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण रुग्णांना तोंडावाटे देण्यास सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

यात सारे मर्म प्रमाणाचे आहे. पाकीट घरात नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ वाढले तर ते अपायकारक ठरते. साखर वाढली, तर परासरणाची दिशाच उलटते: आतड्यातील द्रावण दाट होते, शरीरातील पाणी तिकडे ओढले जाते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच बाटलीतील गोड पेये या द्रावणाला पर्याय नव्हेत. पाकीट असेल, तर त्यावर छापले आहे तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवावे. अंदाजाने अर्धेमुर्धे घालू नये. मूल सुस्त पडले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.