तुमच्यावाचून कसं होणार?

‘तारक मेहता का उल्टा चष्मा’मधली दया २०१७ साली बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि परत आलीच नाही. तेव्हा आपल्याकडे काय हळहळ झाली होती! “आता काय राहिलंय त्या मालिकेत?” असं म्हणत म्हणत लोक रात्री साडेआठला टीव्हीपुढं बसतच होते, आणि मध्येच कुणीतरी विचारायचं, “दया कधी येणार गं?” जणू ती आपल्याच आळीतली, माहेरी गेलेली कुणी!

हे आठवायचं कारण म्हणजे माझी भाची. ती बारामतीला हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करते. घर इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या कडेला. मी दयाचा विषय काढला तर म्हणाली, “मावशी, तुमची दया निदान पडद्यावर दिसायची तरी. आमचा माणूस कधी दिसतच नाही. तरी तो कंपनी सोडून गेला की आम्हालाही अगदी तसंच होतं.”

तिचा हा ‘माणूस’ म्हणजे कॉम्प्युटर गेमचा मुख्य डिझायनर. आणि गेम म्हणजे नुसती धडाधड गोळीबाराची नव्हे हं. डावपेचांची गेम. इंग्रजीत तिला ‘स्ट्रॅटेजी’ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, बायकांच्या पुरवणीत हे काय आणलं? थोडं थांबा. हा खेळ आपण रोजच खेळतो, फक्त कॉम्प्युटरवर नाही. कालव्याचं आवर्तन आलंय, पाणी मोजकं. आधी उसाला द्यायचं, डाळिंबाला, की गुरांच्या मक्याला? सगळं उसाला दिलं तर पैसा येईल, पण दूध आटेल. हातातले पैसे बोअरला घालायचे की पोरीच्या फीला? ‘सिव्हिलायझेशन’ ही जगप्रसिद्ध गेम अगदी अशीच. इसवी सनापूर्वी ४००० पासून सुरुवात. हातात जेमतेम एक वस्ती वसवण्याइतकी माणसं. तिथून शेती, लिपी, रस्ते, शहरं, लढाया करत करत आकाशात यान सोडण्यापर्यंत राज्य न्यायचं. मुख्य डिझायनर काय करतो? तो या सगळ्याचे नियम ठरवतो. उसाला फार भाव दिला तर सगळेच ऊस लावणार आणि खेळातली मजा जाणार. म्हणून प्रत्येक गोष्टीचा तोल सांभाळायचा. भाजीतल्या मिठासारखं त्याचं काम. नीट असलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, बिघडलं की पहिल्या घासाला कळतं.

मग असा माणूस निघून गेला की चाहते सैरभैर होणारच ना?

खोक्यावर नाव एकाचं

या गेमची गोष्ट मोठी मजेची आहे. पहिली ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ साली आली. सिड मायर आणि ब्रूस शेली या दोघांनी ती घडवली. तेव्हापासून प्रत्येक भागाच्या खोक्यावर नाव असतं ते सिड मायरचं. पण १९९६ चा दुसरा भाग मुख्यतः ब्रायन रेनॉल्ड्सने बनवला. २००५ चा चौथा सोरेन जॉन्सनने, २०१० चा पाचवा जॉन शेफरने आणि २०१६ चा सहावा एड बीचने. दारावरच्या पाटीवर नाव एकाचं आणि आत चूल सांभाळणारं माणूस दुसरंच. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको!

रेनॉल्ड्स हा फिरॅक्सिस या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक. तिसऱ्या भागाचं काम चालू असताना, २००० साली, तो काही सहकाऱ्यांना घेऊन बाहेर पडला आणि त्याने ‘बिग ह्यूज गेम्स’ नावाचं वेगळं बिऱ्हाड मांडलं. एकत्र कुटुंबातून कर्ता भाऊ वेगळा निघावा, तसंच. मागे राहिलेल्यांनी २००१ साली तिसरा भाग पुरा केला. त्यात सोरेन जॉन्सन नावाचा तरुण होता, त्याच्याच हाती पुढे चौथा भाग आला, आणि तो चाहत्यांनी डोक्यावर घेतला. आजही कित्येक जुने खेळणारे त्यालाच सगळ्यांत सरस मानतात. आता गंमत बघा. रेनॉल्ड्स गेला नसता, तर जॉन्सनला पुढे यायला जागा मिळाली असती का?

२००७ मध्ये जॉन्सनही गेला. पुन्हा तीच हळहळ. त्याच्या जागी आलेला शेफर आधी स्वतःच या गेमचा चाहता, घरबसल्या तिच्यात आपले बदल करून बघणारा. वय जेमतेम पंचविशीच्या आसपास. सप्टेंबर २०१० मध्ये त्याचा पाचवा भाग आला आणि चाहत्यांत सरळ दोन तट पडले. पूर्वी एकाच चौकटीत सैन्याचा ढीग रचता यायचा, याने सांगितलं एका घरात एकच तुकडी. चौथ्या भागातला धर्म आणि हेरगिरी काढूनच टाकली. नव्या सुनेने आल्या आल्या गोडा मसाला बंद केल्यावर घरात जे होईल, तेच झालं. आणि काही महिन्यांतच शेफर कंपनी सोडून गेला.

तीन तऱ्हांचे लोक

भाचीने मला चाहत्यांच्या तीन तऱ्हा सांगितल्या, आणि मला त्या अगदी ओळखीच्या वाटल्या.

पहिले म्हणतात, “संपलं! आता यात राम नाही.” ही खरं म्हणजे माया. पण त्या मायेला उद्या दिसत नाही. दुसरे म्हणतात, “बरं झालं, गेला एकदाचा! त्यानेच वाटोळं केलं.” जो समोर नाही त्याच्या माथी सगळं मारणं सोपं असतं. गेमच्या कामात कितीतरी माणसं असतात, तारखा आणि पैशाचं गणित असतं. पण शिव्यांना एक नाव लागतं. तिसरे मात्र शांतपणे विचारतात, “आता पुढचं कोण बघणार? आणि त्याला कळेल ना, हे असं का केलं होतं ते?”

माझ्या मते खरा प्रश्न तिसऱ्यांचाच.

कारण पुढे झालं काय? एड बीचच्या हाताखाली २०१२ आणि २०१३ मध्ये पाचव्या भागाला दोन मोठ्या जोडण्या आल्या. धर्म परत आला, हेर परत आले. पण एका घरात एक तुकडी हा शेफरचा नियम तसाच राहिला. ज्या गेमच्या नावाने बोटं मोडली, तिच्यावरच लोक तासन् तास घालवू लागले. गेलेल्या माणसाचं चांगलं ठेवलं, राहिलेलं दुरुस्त केलं. सिड मायरच्या कंपनीत एक आडाखाच आहे म्हणे. नव्या भागात एक तृतीयांश जुनं जसंच्या तसं, एक तृतीयांश सुधारलेलं आणि एक तृतीयांश अगदी नवं. लग्न होऊन आलेल्या प्रत्येकीच्या सासरी हा नियम असता तर किती बरं झालं असतं!

आणि शेफर? त्याने पुढे आपल्या त्या गेममध्ये काय काय चुकलं, ते स्वतःच मोकळेपणाने लिहिलं. त्याची पुढची गेम, ‘ॲट द गेट्स’, यायला २०१९ उजाडलं. निघून गेलेल्याचं सगळं सोन्याचंच होतं, असं नसतं.

जॉन्सनची गोष्ट आणखी वेगळी. त्याने २०२१ मध्ये आपल्या नव्या कंपनीतून ‘ओल्ड वर्ल्ड’ ही गेम पूर्णपणे बाजारात आणली. तिच्यातले प्रसंग लिहिण्यात त्याची पत्नी लेला जॉन्सन हिचा मोठा वाटा आहे. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये तुमचा राजा हजारो वर्षं जिवंत असतो. ‘ओल्ड वर्ल्ड’मध्ये राजा म्हातारा होतो, मरतो, आणि राज्य वारसाच्या हाती जातं. वारसाला आधीपासून शिकवून तयार केलं नसेल, तर पुढे जड जातं. घर सोडून गेलेल्या माणसाने नेमका हा खेळ बनवावा!

आपली गाय आणि मागे राहिलेले चाहते

आता एक आपल्या जवळचं. ‘एज ऑफ एम्पायर्स’ हे नाव तुमच्या घरातल्या पोरांनी घेतलं असेलच. एकेकाळी सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन पोरं ती खेळायची. हिच्या तिसऱ्या भागाची २००७ सालची आशियाई जोडणी बनवली ती रेनॉल्ड्सच्या त्या वेगळ्या बिऱ्हाडाने. त्यात भारत आला. आणि नियम काय, तर भारतीय खेळाडूने गाय कापायची नाही. तिला पवित्र कुरणात ठेवायची, तिथे तिच्यामुळे गुण मिळत राहतात. गोठ्यात गाय असली की घराची घडी बसते, हे आपल्याकडच्या बायकांना कुठल्या गेमने शिकवायला नको. पण परदेशातल्या एका डिझायनरने मूळ कंपनी सोडली आणि त्याच्या नव्या घरात आपल्या गायीला जागा मिळाली, याची मला मोठी मौज वाटली.

ही गेम मुळात ज्यांची, तो एन्सेंबल स्टुडिओ मालक मायक्रोसॉफ्टने २००९ च्या जानेवारीत बंद केला. इथे तर एक माणूस नव्हे, अख्खं घरच उठलं. चाहत्यांनी काय केलं? रडले असतील, चिडले असतील. पण त्यातले काही कामाला लागले. १९९९ च्या दुसऱ्या भागासाठी त्यांनी स्वतःच नवी राज्यं, नव्या मोहिमा रचल्या. ते काम इतकं नेटकं निघालं, की २०१३ मध्ये कंपनीने तेच अधिकृत जोडणी म्हणून विकायला काढलं. त्याच मंडळींचे हात पुढच्या भागांनाही लागले. २०२२ मध्ये तर खास भारतातल्या राजवटींवरची जोडणी आली. ज्या गेमचं घर मोडलं होतं, ती पंचवीस वर्षांनंतरही खेळली जातेय.

माया जेव्हा दात काढते

पण सगळं असं गोड नाही. कॅनडात बायोवेअर या कंपनीत जेनिफर हेपलर नावाची लेखिका गेमच्या कथा लिहायची. २०१२ मध्ये तिची एक जुनी मुलाखत उकरून काढून काही चाहते तिच्यावर तुटून पडले. मुलाखतीत तिने म्हटलं होतं, मला गेममधल्या लढाईपेक्षा गोष्ट आवडते. एवढंच! शिव्या, धमक्या, मुलांवरूनसुद्धा धमक्या. पुढच्या वर्षी तिने नोकरी सोडली. मी धमक्यांना भिऊन जात नाही, हे तिने स्पष्ट सांगितलं. आणि नंतर गेमच्या धंद्यातल्या बायकांच्या अनुभवांचं एक पुस्तकच संपादित केलं. पुरुष डिझायनर गेला तर त्याच्या कामाची उणीदुणी निघतात. बाई असली की तिचं रूप, घर, मुलं, सगळं चव्हाट्यावर येतं. हे तिकडचंच आहे, असं कुठली वाचक म्हणेल?

माझ्या बहिणीला म्हणूनच काळजी. भाचीला शिकून गेमच बनवायच्या आहेत. “गेम बनवून पोट भरतं का? आणि लोक असे,” बहीण म्हणते. मी तिला ‘राजी’चं सांगितलं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेली ही गेम २०२० मध्ये जगभर गेली. नायिका राजी नावाची मुलगी. राखीपौर्णिमेच्या जत्रेतून राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला ती निघते. रक्षण करणारी बहीण! ही गेम घडली ती बारामतीपासून दोन-तीन तासांच्या वाटेवर. तेव्हा पोरीची स्वप्नं काही अगदीच आभाळातली नाहीत.

आपल्या घरातलं

या सगळ्या चाहत्यांच्या आकांतात मला एकच वाक्य ऐकू आलं, “तुमच्यावाचून कसं होणार?”

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय! “आई, तू नसलीस की घरात काही सापडत नाही.” “ताई, गटाचा हिशोब तुमच्याशिवाय कुणाला जमतोय?” ऐकताना बरं वाटतं. अंगावर मूठभर मांस चढतं. पण याच वाक्याने पायात साखळी पडते, हेही खरं. आजारी पडायची सोय नाही, चार दिवस माहेरी जायची नाही, नवीन काही करायची तर नाहीच. आणि एखाद्या दिवशी जावंच लागलं, तर मागचे कोलमडतात आणि दोष आपल्यालाच.

ज्या गेम टिकल्या, त्या कुणी गेलं नाही म्हणून टिकल्या नाहीत. माणसं गेलीच. पण नियम लिहिलेले होते, मागच्याला हात घालायची मुभा होती, आणि नव्याने केलेला बदल पोटात घ्यायला लोक हळूहळू का होईना शिकले.

म्हणून एक सुचवते. तुमच्या बचत गटाची वही तुमच्याच कपाटात असेल, तर या महिन्याची बैठक दुसरीला घेऊ द्या. हिशोब कसा मांडायचा ते चार ओळींत लिहून वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. घरात औषधं कुठे, विमा कधी भरायचा, गॅसचा नंबर कुठला, हे सगळं एका कागदावर उतरवून फ्रिजला लावा. ती दुसरी चुकेल. चुकू दे. पोळी जाड लाटली गेली, तरी पोट भरतं.

आणि एखादी म्हणाली, “ताई, तुमच्यावाचून कसं होणार?” तर हसून सांगा, “होईल गं. त्या वहीत सगळं लिहून ठेवलंय.”