पाळतीची कादंबरी, वाचकाच्या प्रतिक्रिया आणि आपली प्रश्नावली

'पुस्तक वाचून लोकांना काय वाटलं' हा काय पीएच.डी.चा विषय झाला का? आमच्यासारख्या स्टॅटिस्टिक्सवाल्यांना हे हमखास ऐकवलं जातं. आज त्याचं उत्तर देतो. उदाहरणासाठी मी मुद्दाम अवघड पुस्तक घेतलंय, कारण त्यात अभ्यासाचा विषय आणि अभ्यासाची पद्धत एकमेकांच्या पायात पाय घालतात.

पुस्तक आहे कोरी डॉक्टोरोची 'लिटल ब्रदर', २००८ सालची. नायक मार्कस सतरा वर्षांचा, सॅन फ्रान्सिस्कोत शाळेत जाणारा. शाळेत कॅमेरे आहेत, आणि ते चालण्याच्या ढबीवरून पोरं ओळखतात. शहरात अतिरेकी हल्ला होतो, मार्कसला संशयावरून उचलतात. सुटून येतो तेव्हा अख्खं शहर नजरकैदेत असल्यासारखं झालेलं असतं. कोण कुठून कुठे गेलं, सगळ्याची नोंद. पोरगं त्या यंत्रणेला भिडतं. ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'शी नातं सांगणारं नाव आहे हे कळतंच. फरक असा की इथला नायक हरायला तयार नाही.

या पुस्तकावरची एक प्रतिक्रिया फार गाजली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात पेन्साकोला शहरातल्या एका शाळेने उन्हाळी सुट्टीत सगळ्या मुलांनी हेच पुस्तक वाचायचं असं ठरवलं होतं. मुख्याध्यापकांनी तो कार्यक्रमच रद्द केला. लेखक आणि प्रकाशकांनी मग विद्यार्थ्यांसाठी २०० प्रती मोफत पाठवल्या. आता ही 'वाचकाची प्रतिक्रिया' म्हणायची का? माझ्या मते हो. पण ती कुणाची? मुख्याध्यापकांची कळली, लेखकाची कळली. ज्यांच्यासाठी पुस्तक होतं त्या मुलांची मात्र बातमीत फारशी ऐकू येत नाही. आपला संशोधनाचा प्रश्न इथून सुरू होतो.

सोपा मार्ग म्हणजे इंटरनेटवरची परीक्षणं गोळा करायची, तारे मोजायचे, सरासरी काढायची. दोन दिवसांत काम फत्ते. पण ऑनलाइन ताऱ्यांचं वाटप बघा, ते बहुतेक वेळा इंग्रजी जे अक्षरासारखं दिसतं: पाच तारे ढीगभर, एक तारा थोडे, मधलं जवळपास रिकामं. ज्याला पुस्तक डोक्यावर घ्यावंसं वाटलं तो लिहितो, ज्याला फेकून द्यावंसं वाटलं तो लिहितो. 'ठीक होतं' म्हणणारा उठून चहाला जातो. असल्या आकड्यांची सरासरी म्हणजे कुणाचंच मत नव्हे.

म्हणून थेट वाचकांकडून लिहून घ्यायचं. याची जुनी आणि झकास पद्धत आय. ए. रिचर्ड्स यांची. केंब्रिजमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना कविता दिल्या, कवीचं नाव झाकून, आणि मोकळेपणी लिहायला सांगितलं. १९२९ च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये ते सगळं आलंय. नाव नसलं की भलेभले वाचक कसे घसरतात ते त्यात दिसतं.

आपल्याकडचं उदाहरण तर कोल्हापूरच्या मातीतलं आहे. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, म्हणजे आपलीच आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. नाव झाकलं तरी अक्षर चुगली करतं, हे त्यांना आधीच सुचलं होतं. हे लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

बरं, समजा कबनूर-इचलकरंजीतल्या अकरावीच्या पन्नास मुलांनी 'लिटल ब्रदर' वाचून एकेक पान लिहून दिलं. आता त्याचा 'डेटा' कसा करायचा? आधी दोन-तीनदा नुसतं वाचायचं आणि मग कोड ठरवायचे: भीती, राग, कंटाळा, 'हे आपल्याकडेही होतंय' असं ओळखीचं वाटणं वगैरे. दोघांनी स्वतंत्रपणे कोड लावायचे. समजा 'भीती' हा कोड तुम्ही ३० पानांना लावला, तुमच्या मैत्रिणीनेही ३० पानांना लावला, त्यातली २५ पानं सामाईक. १५ पानांना दोघांनीही लावला नाही. म्हणजे ५० पैकी ४० ठिकाणी एकमत, ८० टक्के. लगेच खूश होऊ नका. डोळे झाकून लावले असते तरी काही ठिकाणी जमलंच असतं: ०.६ गुणिले ०.६ अधिक ०.४ गुणिले ०.४, म्हणजे ५२ टक्के. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेला कप्पा हा योगायोग वजा करतो: ०.८० वजा ०.५२, भागिले १ वजा ०.५२. उत्तर ०.५८ येतं. बरं आहे, छान नाही. आता दोघांनी बसून भांडायचं की 'भीती' म्हणजे नक्की काय. मला विचाराल तर खरं संशोधन या भांडणातच होतं. आकडा फक्त भांडायला बसवतो.

या कादंबरीत वाचक कुठे फुटतात तेही सांगतो. डॉक्टोरो मध्येच कथा थांबवून गणित नि संकेतलेखन शिकवायला लागतो. लुईज रोझेनब्लॅट यांनी वाचनाचे दोन प्रकार सांगितले: माहिती उचलण्यासाठीचं आणि अनुभव घेण्यासाठीचं. पहिल्या तऱ्हेने वाचणाऱ्याला ही पानं मेजवानी वाटतात, दुसऱ्याला वर्ग भरल्यासारखं होतं. मी पहिल्यातला, लपवत नाही. त्यातला खोट्या इशाऱ्याचा मुद्दा आपल्या गावाला लावून बघा. इचलकरंजी साधारण तीन लाखांची धरू, त्यात खरे संशयित तीन. यंत्रणा ९९ टक्के अचूक. तरी उरलेल्या एक टक्क्यापोटी सुमारे ३००० निरपराध माणसांवर बोट दाखवलं जाणार. तीन शोधायला तीन हजारांच्या दारात पोलीस! हे कळलेल्या वाचकाची आणि न कळलेल्याची 'भीती' एकाच कोडात टाकायची का, ठरवा.

आता अवघड भाग. पाळतीबद्दलच्या पुस्तकावर मत विचारताना आपणच पाळत ठेवत असतो. कुणीतरी बघतंय हे कळलं की माणूस बदलतो, हा नुसता अंदाज नाही. जून २०१३ मध्ये स्नोडेन यांनी अमेरिकी यंत्रणांची पाळत उघड केली. त्यानंतर विकिपीडियावरच्या दहशतवादाशी संबंधित लेखांचं वाचन घटलं, असं जॉन पेनी यांच्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं. नुसता ज्ञानकोश वाचायलाही माणसं कचरली. मग वर्गशिक्षकांसमोर बसून 'कॉलेजातले कॅमेरे तुला कसे वाटतात' यावर अकरावीचं पोर काय लिहील? 'सुरक्षिततेसाठी चांगले आहेत, सर.' तुम्ही त्याला 'समर्थन' असा कोड लावणार, कप्पाही झकास येणार, आणि सगळं चूक. दोघांचं एकमत झालं म्हणून उत्तर खरं ठरत नाही.

'नाव लिहू नका' म्हटलं की झालं, असं समजू नका. वर नारळीकरांचं अक्षर आठवा. शिक्षक रोज वह्या तपासतात, अक्षर बघून नाव सांगतील. शिवाय प्रश्नावलीच्या वरच्या चौकटीत आपण काय काय विचारतो? गाव कबनूर, मुलगी, सायन्स, वडिलांचा सायझिंगचा धंदा. झालं, एकच पोरगी उरली. लटान्या स्वीनी यांनी अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकटे ओळखता येतात. आपलं गाव त्याहून लहान, आणि इथं सगळे सगळ्यांना ओळखतात.

संमतीचाही घोळ आहे. ही मुलं अठराच्या आतली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, पालकांची संमती हवी आणि मुलाचा स्वतःचा होकारही हवा. योग्यच आहे. पण एखादीने लिहिलं की 'मार्कसच्या घरी निदान त्याचा मोबाईल रोज रात्री कुणी तपासत नव्हतं', आणि सही करणारे पालक म्हणाले, 'काय लिहिलंय बघू', तर? हे संमतिपत्रातच स्पष्ट लिहायचं: उत्तरं पालकांना किंवा शिक्षकांना दाखवली जाणार नाहीत. पालक नाही म्हणाले तर ते नाव यादीतून कमी. नमुना पन्नासचा बत्तीस झाला तरी चालेल, पण बत्तीसच का उरले हे प्रबंधात मांडा, कारण गळालेले अठरा बहुधा सर्वांत जास्त तपासले जाणाऱ्या घरांतले असतील.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. वडिलांच्या व्यवसायाचा प्रश्न विश्लेषणात लागणार नसेल तर काढून टाका. उत्तरं टाईप करून घ्या, पण कॉलेजच्या लॉगिनवरून नको. ज्यांना लिहायचं नाही त्यांनाही कोरा कागद घडी घालून टाकू द्या, म्हणजे कोण गप्प बसलं ते कळणार नाही. आणि पेटी शिक्षकांच्या टेबलावर ठेवू नका, वर्गातल्या कॅमेऱ्याखाली तर नकोच.