कयाक पाण्यात घालण्याआधी वारा बघा

दिवाळीनंतर कोकण किनाऱ्यावर कयाकिंगला गर्दी होते. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठी इशारा नाही, म्हणजे समुद्र सुरक्षित, असं बरेच जण धरून चालतात. तो इशारा साधारण ताशी 45 किमीच्या पुढच्या वाऱ्यासाठी असतो. छोटी कयाक त्याच्या निम्म्यातच आवरेनाशी होते!

नवख्यांसाठी माझी मर्यादा 10 नॉट, म्हणजे ताशी 18 किमी. हवामानाच्या अ‍ॅपवर सरासरीसोबत गस्टचा, म्हणजे अचानक येणाऱ्या झोताचा, आकडाही बघा, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. किनाऱ्यावर उभं राहून लाटांचे माथे पाहा: फेस तुरळक असेल तर वारा 7 ते 10 नॉट, जागोजागी पांढरं दिसू लागलं की 11 च्या पुढे.

सगळ्यात फसवी असते दिशा. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठाशी पाणी सपाट दिसतं, वल्हं हलकं लागतं, आपण भराभर आत जातो. वळलो की तोच वारा तोंडावर येतो आणि हात भरून येतात. त्यामुळे सकाळी किनारा धरूनच राहा, दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा वाढायच्या आत परता. लाइफ जॅकेट अंगातच हवं, बोटीत ठेवलेलं नको.