निर्वासित मुलांचा पालक कोण?

आई-वडिलांविना परक्या देशात आलेल्या मुलाला अन्न, वस्त्र आणि निवारा मिळाला, की यजमान देशाचे कर्तव्य संपले असे होत नाही. त्याच्या वतीने सही कोणी करायची, त्याला परत धाडायचे की नाही हे कोणी ठरवायचे, हा खरा प्रश्न असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तो भारतातही उभा राहिला होता.

सोविएत राजवटीने 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. 1941 च्या करारानंतर त्यांची सुटका सुरू झाली. पण तोवर उपासमारीने आणि रोगराईने अनेक मुले पोरकी झाली होती. काहींचे आई-वडील हयात होते, मात्र कोठे, याचा पत्ता नव्हता. अशा मुलांचे जथे 1942 मध्ये अश्गाबादहून इराणमार्गे मालमोटारींतून भारतात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे त्यांच्यासाठी छावणी उभारली. शिक्षक पोलिश, शाळा पोलिश, धर्मगुरूही पोलिश. मुलांनी पालकाच्या भाजीविरुद्ध संप पुकारला, तेव्हा जामसाहेबांनी ती भाजीच बंद करविली, अशी आठवण ती मुले पुढे सांगत.

कसोटी लागली ती 1945 मध्ये. ब्रिटन व अमेरिकेने वॉर्सातील कम्युनिस्टप्रणीत सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधील पोलिश सरकारचा अधिकार संपला. अनाथ मुलांना सक्तीने परत पाठविले जाण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा जामसाहेब, छावणीप्रमुख पाद्री आणि ब्रिटिश संपर्क अधिकारी यांनी मुलांना संयुक्तपणे दत्तक घेण्याचा मार्ग काढला. कागदोपत्री पालक मिळाल्याने त्यांच्याविषयी परस्पर निर्णय घेणे अवघड झाले. 1946 मध्ये बालाचडी बंद झाल्यावर मुले कोल्हापूरजवळील वळिवडे येथे आली. तेथे 1943 पासून सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित, प्रामुख्याने स्त्रिया व मुले, राहत होते. ती छावणी 1948 पर्यंत चालली. आप्तांचा शोध लागलेली काही मुले मायदेशी गेली, इतरांनी ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियाची वाट धरली.

एका संस्थानिकाच्या औदार्यावर तेव्हा जे विसंबून होते, ते 1989 च्या बालहक्क करारातील 22 व्या कलमाने राष्ट्रांवर बंधनकारक केले. आप्तांचा शोध घ्यावा. ते न सापडल्यास कुटुंबाला पारख्या झालेल्या इतर कोणत्याही मुलाइतकेच संरक्षण निर्वासित मुलालाही द्यावे, असे हे कलम सांगते. भारताने 1992 मध्ये हा करार स्वीकारला. मात्र 1951 च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही आणि स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. त्यामुळे असे मूल एका अधिकाऱ्याच्या लेखी संरक्षणयोग्य बालक, तर दुसऱ्याच्या लेखी कागदपत्रांविना आलेला परकीय नागरिक ठरू शकते.