स्वतःचीच प्रत काढणारा संगणक

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘शटडाउन’ ही आज्ञा आणि तिच्यापुढे 23:00 एवढं लिहिलं, की रात्री अकराला संगणक आपोआप बंद होतो. ठरलेली वेळ एका लहानशा फाइलीत नोंदली जाते, तीही 1 जानेवारी 1970 पासून मोजलेल्या मायक्रोसेकंदांत! शेवटची पाच मिनिटं उरली की सामान्य वापरकर्त्यांना नव्याने लॉगिन करता येत नाही.

त्याच अकराच्या ठोक्याला, लिनक्समधल्या सिस्टिमडी या व्यवस्थेचा टायमर लावून, संगणक हायबरनेटही करता येतो, म्हणजे चालू कामं जशीच्या तशी डिस्कवर ठेवून बंद करता येतो. मला थक्क करतं ते हे.

वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं. म्हणून अर्धवट लिहिलेलं पत्र, उघडी पानं, मधेच थांबलेलं गाणं, सारं डिस्कवरच्या ‘स्वॅप’ नावाच्या जागेत उतरवून ठेवायचं. पण उतरवणारा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःही त्याच रॅममध्ये राहतो. चालू असताना स्वतःची प्रत काढायची कशी? कर्नल आधी सगळे प्रोग्रॅम गोठवतो, उपकरणं शांत करतो, एक सोडून बाकीचे प्रोसेसर थांबवतो. त्या निश्चल क्षणी रॅमची प्रत रॅममध्येच काढली जाते. तिला जागा हवी, म्हणून गरज पडल्यास आधीच थोडी मेमरी रिकामी केलेली असते. मग डिस्क पुन्हा जागी होते, प्रत स्वॅपमध्ये जाते आणि वीज बंद.

सकाळी बटण दाबल्यावर नवा कर्नल सुरू होतो. स्वॅपमधली खूण त्याला सापडते, तो जुनी प्रत वाचतो आणि तिला आपल्या जागी बसवून स्वतः नाहीसा होतो. जुना कर्नल प्रत काढली त्याच ओळीपासून पुढे चालू लागतो. म्हणजे कोडमधल्या एकाच जागेतून तो दोनदा बाहेर पडतो, रात्री एकदा आणि सकाळी एकदा. आत्ता रात्र आहे की सकाळ, हे त्याला कसं कळावं? त्यासाठी एक चिमुकला चल मुद्दाम प्रतीतून वगळलेला असतो. त्यात 1 असेल तर प्रत डिस्कवर लिहून झोपायचं. 0 असेल तर जाग आली आहे. कर्नलच्या कोडात नेमक्या या जागी, नियंत्रण इथे जादूने प्रकटतं, अशा अर्थाची टीप आहे. मला ती अगदी रास्त वाटते.

बटणही दाबायला नको असेल तर ‘आरटीसीवेक’ ही आज्ञा आहे. ती मदरबोर्डवरच्या घड्याळात गजर लावते. त्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हा आकडा 15 वेळा निम्मा केला की बरोबर 1 उरतो, म्हणून तर तो निवडलेला. संगणकाचा प्लग काढला तरी नाण्याएवढ्या बॅटरीवर हे घड्याळ चालूच राहतं.

तुम्हीही करून पाहा. मात्र स्वॅपमध्ये पुरेशी जागा आहे ना, हे आधी बघा, फाइली सेव्ह करा आणि टायमर लावण्यापूर्वी एकदा स्वतःच्या हातांनी हायबरनेट करून खात्री करून घ्या.