फोल्डर तुमचं, चौकट रूटची

राजमाचीच्या पायथ्याला, उल्हास नदीच्या खोऱ्यात, कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासची. चैत्यगृहाचा दर्शनी भाग असा कोरलाय, की दगडात सुतारकाम केलंय असं वाटावं. दाराच्या डावीकडे यक्षमूर्तीचं भग्न मस्तक आहे आणि शेजारी ब्राह्मीत एक ओळ: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. मागच्या शतकात भूकंपाने दर्शनी भाग बराच गेला. उरलंय त्याची बारकाईने छायाचित्रं घेऊन ठेवावीत, असं कुणालाही वाटेल.

समजा, कर्जतच्या काही हौशी मंडळींनी रीतसर परवानगी काढून हे काम अंगावर घेतलं. कॅमेऱ्यातली कच्ची फाइल एकेक पंचवीस-तीस एमबीची. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकली तर बारकावे पुसले जातात, ईमेलला ती झेपत नाही. मग कुणीतरी आपल्या ऑफिसातला लिनक्स सर्व्हर देऊ करतो. त्याच सर्व्हरवर ऑफिसचा हिशेब आणि पगारपत्रकंही असतात. फोटो पाठवणाऱ्याला नेहमीसारखं खातं उघडून दिलं, तर त्याला बाकीच्यांच्या फाइली बदलता येणार नाहीत, पण कमांड चालवता येतील, खात्यांची यादी वाचता येईल आणि ढिल्या परवानगीच्या फोल्डरांतून हिंडता येईल.

यावरचा उपाय जुना आहे. एखाद्या प्रोग्रॅमला ‘हे फोल्डर म्हणजेच अख्खी डिस्क’ असं भासवणारी क्रूट ही सोय 1979च्या युनिक्समध्येच होती. 1991 साली बेल लॅब्जमध्ये बिल चेसविक यांनी एका घुसखोराला अशाच बंद जागेत खेळवत ठेवून त्याच्या हालचाली टिपल्या होत्या. पण फाइल पाठवण्यापुरती ही सोय वापरायची, तर पूर्वी त्या फोल्डरात लागणारे प्रोग्रॅम आणि लायब्ररी हाताने भराव्या लागत. 2008 मध्ये, दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी करून देणाऱ्या ओपनएसएसएचनेच ही भानगड मिटवली: फाइल देवघेवीचा भाग, म्हणजे एसएफटीपी, सर्व्हरच्या पोटातच आला.

आता एसएसएचडी-कॉन्फिग या त्याच्या नियमांच्या फाइलच्या अगदी शेवटी चार-पाच ओळी लिहिल्या की झालं. ‘मॅच ग्रुप’ने गट ठरवायचा, ‘क्रूटडिरेक्टरी’ने फोल्डर, आणि ‘फोर्सकमांड इंटर्नल-एसएफटीपी’ने सांगायचं की या माणसाने काहीही मागितलं तरी त्याला फक्त फाइल देवघेव मिळेल. पोर्ट फॉरवर्डिंगही बंद करायचं. ही ओळ बरेच जण विसरतात, आणि मग फोल्डरात कोंडलेला माणूस तुमच्या सर्व्हरआडून ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनपर्यंत पोचू शकतो. या ओळी शेवटीच का? मॅचखालचं सगळं, पुढचा मॅच येईपर्यंत, त्या गटालाच लागू होतं. मध्येच घुसवल्या तर खालचे सर्वसाधारण नियमही त्यात ओढले जातात.

इथवर सगळ्यांना जमतं. अडतं ते पुढे. फोटो टाकणाऱ्याचं फोल्डर म्हणून मालकी त्याच्या नावावर करावी, हा सरळ विचार. आणि नेमक्या त्याच कारणाने जोडणी होताच तुटते. पासवर्ड बरोबर असतो, पलीकडच्याला कारण कळत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र मालकी किंवा परवानगी चुकल्याची ओळ पडलेली असते. क्रूटचं फोल्डर आणि त्याच्या वरची प्रत्येक पायरी रूटच्याच, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, मालकीची लागते, आणि तिथे दुसऱ्या कुणाला लिहिता येता कामा नये. हा अट्टहास वाटतो, पण तो योग्यच आहे. त्या चौकटीत ज्याला लिहिता येतं, तो तिथे खोट्या पासवर्ड-फाइली आणि लायब्ररी पेरू शकतो, आणि जास्त अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्रॅम त्यांना खऱ्या समजून बसला की कोंडी फुटते. संरक्षित लेण्यात जाऊन बघता येतं, भिंतीवर नाव कोरता येत नाही, तसंच हे. म्हणून ‘कोंडाणे’ फोल्डर रूटचं ठेवायचं आणि त्याच्या आत ‘आवक’ नावाचं दुसरं करून ते पाठवणाऱ्याच्या नावे करायचं.

काही गैरसोयी उरतात. बाहेरच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी सिमलिंक आतून उघडत नाही. तिथे ते फोल्डरच आत जोडून घ्यावं, म्हणजे बाइंड माउंट करावं लागतं. फाइल पाठवायच्या इतर सोयींपैकी आरसिंक चालत नाही, कारण त्याला सर्व्हरवर स्वतःचा प्रोग्रॅम चालवायचा असतो. एससीपी पूर्वी याच कारणाने अडायचं, पण 2022च्या ओपनएसएसएच 9.0 पासून ते आतून एसएफटीपीच वापरतं. रेंज गेली तर अर्धवट चढलेली फाइल ‘रीपुट’ने पुढे नेता येते, आणि डोंगराच्या कुशीतून काम करणाऱ्याला याची गरज पडणारच.

आणि हो, जागेचं बंधन यात कुठेच नाही. ‘आवक’मध्ये कितीही ओतता येतं, आणि डिस्क भरली की हिशेबाचा प्रोग्रॅमही बसतो. कोटा लावा, नाहीतर वेगळं पार्टिशन द्या.

बदल केल्यावर ‘एसएसएचडी -टी’ने फाइल तपासा, चालू असलेलं एक सत्र उघडंच ठेवा आणि मगच सेवा नव्याने सुरू करा, चूक झाली तर निदान स्वतः बाहेर अडकणार नाही. मग त्याच खात्याने साध्या एसएसएचने आत शिरून बघा. इथे फक्त एसएफटीपी जोडणी चालते, असा एका ओळीचा निरोप देऊन सर्व्हरने दार लावलं, तर खातं पाठवणाऱ्याच्या हाती द्यायला हरकत नाही.