हिऱ्याची चमक आणि श्वासातली धूळ

सुरतजवळ इच्छापोर नावाचे गाव आहे. आता तेथे हिरे-दागिन्यांची औद्योगिक वसाहत उभी आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी तेथे मामांकडे गेलो होतो. मामा वीस वर्षे हिरे घासत आहेत. त्यांच्या कोरड्या खोकल्याविषयी विचारले, तर म्हणाले, "अरे, सगळ्यांनाच असतो. धंद्याचा प्रसाद आहे."

हा प्रसाद येतो कोठून? हिरा हिऱ्यानेच घासला जातो. जुन्या पद्धतीत ओतीव लोखंडाच्या चाकावर तेल आणि हिऱ्याची भुकटी लावतात. पुढे बेल्जियममध्ये कोबाल्ट धातूत हिऱ्याचे कण बसवलेली चाके आली. काम झपाट्याने होऊ लागले. पण चाक झिजताना कोबाल्टची बारीक धूळ उडे आणि हिऱ्यावर वाकलेल्या कामगाराच्या छातीत जाई.

१९८४ साली डॉ. डेमेट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील कामगारांच्या फुप्फुसांच्या आजाराची माहिती प्रसिद्ध केली. कठीण धातूंच्या कारखान्यांतील असा रोग आधीच ठाऊक होता. पण तेथे टंगस्टन आणि कोबाल्ट एकत्र असल्यामुळे खरा दोषी कोण, हे ठरत नव्हते. हिऱ्याच्या चाकांत टंगस्टन नव्हतेच! संशय कोबाल्टवर पक्का झाला. १९९२ साली डॉ. नेमेरी प्रभृतींनी कामावर असलेले १९४ कामगार तपासले. हवेतले आणि लघवीतले कोबाल्ट मोजले. ज्यांचा धुळीशी संबंध अधिक, त्यांच्यात खोकला व घशाची जळजळ अधिक आणि श्वासाची ताकद कमी आढळली.

या शास्त्राचे मर्म हेच आहे. दुखते कोठे एवढेच न विचारता माणूस काम काय करतो, कशात श्वास घेतो, किती व किती वर्षे, हे ते विचारते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या अकीक घासणाऱ्यांतील सिलिकोसिसचा अभ्यास केला, तोही याच वाटेने. कारण सापडले की उपायही दिसतो: धूळ उडते तेथेच ओढून घेणे.

मामांचा खोकला कोबाल्टचाच, असे मी म्हणणार नाही. तो विडीचाही असेल. ते तपासणीनेच कळेल. पण आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी यंत्राचा घसारा दरसाल वहीत लिहितो. चाक झिजले तर नवे येते. फुप्फुसाचा घसारा कोणत्या खात्यावर लिहायचा?

निघताना मी एवढेच म्हणालो, "मामा, डॉक्टरांकडे जाल तेव्हा खोकल्याबरोबर चाकाचेही सांगा."

मामा क्षणभर थांबले. "चाक कशाचे आहे, ते आधी शेठला विचारायला हवे," ते म्हणाले.